लूप दहा वेळा फिरला, खिडकीत एकटाच १९०

सी शार्प शिकवताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. तोवर मुलांना कन्सोलवर पाढा छापता येत असतो. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, अशा दहा ओळी एकाखाली एक उतरतात. मग विंडोज फॉर्म्सचा प्रोजेक्ट उघडायचा, फॉर्मवर एक बटण आणि एक टेक्स्टबॉक्स ठेवायचा आणि तोच लूप बटणाच्या क्लिकमध्ये आणून टाकायचा. बटण दाबल्यावर चौकटीत उरतो एकटा १९०. "सर, लूप एकदाच फिरतोय."

लूप दहाही वेळा फिरलेला असतो. कन्सोल ही वही आहे, लिहिलेलं तिथंच राहतं आणि पुढची ओळ खाली येते. टेक्स्टबॉक्सची टेक्स्ट प्रॉपर्टी ही पाटी आहे. तिच्यावर नवं लिहायचं म्हणजे आधीचं पुसूनच. १९ लिहिला, पुसला, ३८ लिहिला, पुसला, आणि शेवटचा १९० पुसायला कोणी आलं नाही म्हणून तो राहिला.

इथून पुढे जे काही बिघडतं त्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. हिशेब करणं हे लूपचं काम आणि दाखवणं हे टेक्स्टबॉक्सचं काम. ही दोन कामं आपण एकाच ओळीत कोंबतो. पाढ्यापुरतं ते चालून जातं. खऱ्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते महागात पडतं, आणि किंमत मोजतो तो समोर बसून ते वापरणारा माणूस. म्हणून पुढची "करा" आणि "टाळा" यांची यादी जरा मनापासून वाचा.

टाळा: लूपच्या आत टेक्स्टला नुसतं "बरोबर" लावणं

वर सांगितलेली चूक ती हीच. ओळखायची खूण सोपी आहे: फक्त शेवटचं उत्तर दिसत असेल तर आधीची सगळी पुसली गेली आहेत.

टाळा: "अधिक-बरोबर" हा कायमचा इलाज समजणं

कोणीतरी सांगतं, "बरोबरच्या जागी += लाव." लावलं की पाढा दिसतो, सगळे खूश. पण आत काय चाललंय ते बघा. डॉटनेटमध्ये स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. तुम्ही तिला शेपूट जोडत नाही. जुनी पूर्ण स्ट्रिंग आणि नवा तुकडा मिळून तिसरी नवी स्ट्रिंग तयार होते आणि आधीचं सगळं अक्षर न् अक्षर तिच्यात उतरवलं जातं.

एकदा कागदावर हिशेब करून बघा, मी वर्गात तो फळ्यावर करून घेतो. १ ते १०,००० आकडे, प्रत्येक वेगळ्या ओळीवर. ओळ बदलायची दोन चिन्हं धरून अंतिम मजकूर भरतो ५८,८९४ अक्षरांचा. म्हणजे एका मध्यम लांबीच्या कथेएवढा. पण += ने तो तयार करताना दर फेरीला आधीचं सगळं पुन्हा उतरवलं जातं, आणि त्या उतरवण्याची बेरीज जाते सुमारे २९ कोटी अक्षरांवर. शिवाय दर फेरीला टेक्स्टबॉक्समधून मजकूर बाहेर काढायचा, पुन्हा आत घालायचा आणि पडद्यावर रंगवायचा, ते वेगळंच. ओळी दहापट झाल्या तर हे काम शंभरपट होतं. दहा ओळींवर जे जाणवतही नाही ते दहा हजारांवर घाम फोडतं.

करा: आधी मजकूर पूर्ण जुळवा, मग एकदाच दाखवा

लूपच्या बाहेर एक स्ट्रिंगबिल्डर घ्या. आत अपेंडलाइनने एकेक ओळ टाकत जा. लूप संपला की बिल्डरची टूस्ट्रिंग एकदाच टेक्स्टबॉक्सला द्या. पाटीवर एकदाच लिहिलं जातं, पुसायची वेळच येत नाही. दहा हजार आकडे बघता बघता येतात.

आकडे स्वल्पविरामाने एका ओळीत हवे असतील तर ते एका लिस्टमध्ये गोळा करा आणि स्ट्रिंग.जॉइनने जोडा. शेवटच्या आकड्यामागे लोंबणारा स्वल्पविराम काढण्यासाठी इफची कसरत करावी लागत नाही.

करा: काम चालू असतानाच ओळी दिसायला हव्या असतील तर अपेंडटेक्स्ट वापरा

टेक्स्टबॉक्सची ही स्वतःची पद्धत आहे. ती आधीच्या मजकुराला हात न लावता शेवटी जोडते आणि खिडकी खाली सरकवून नवी ओळ दाखवते. थोड्या ओळींच्या नोंदवहीसाठी हीच योग्य. मात्र काम लांबलचक असेल तर नुसतं अपेंडटेक्स्ट पुरत नाही, त्याबद्दल पुढे.

करा: चौकट आधी नीट मांडा

मल्टिलाइन चालू हवं, नाहीतर सगळं एकाच ओळीत जातं. स्क्रोलबार उभा हवा. रकान्यांचा तक्ता दाखवत असाल तर वर्डरॅप बंद करा आणि स्क्रोलबार दोन्ही ठेवा. वर्डरॅप चालू असताना आडवा स्क्रोलबार मागितला तरी मिळत नाही, आणि मुलं त्यात अर्धा तास घालवतात.

उत्तराच्या चौकटीत कोणी टाइप करू नये म्हणून रीडओन्ली करा. एनेबल्ड बंद करू नका. एनेबल्ड बंद केलं की अक्षरं फिकी पडतात, मजकूर निवडता येत नाही, कॉपी करता येत नाही, स्क्रोलही होत नाही. रीडओन्लीमध्ये हे सगळं शाबूत राहतं. फक्त पार्श्वभूमी राखाडी होते, ती हवी तर पांढरी करून घ्या.

मॅक्सलेंथचा आकडा ३२,७६७ दिसला म्हणून घाबरू नका. ती मर्यादा माणसाने टाइप किंवा पेस्ट केलेल्या मजकुराला आहे. कोडमधून दिलेल्या मजकुराला ती लागू नाही.

टाळा: ओळ बदलायला नुसतं \ एन

कन्सोलवर चालतं म्हणून टेक्स्टबॉक्सलाही चालेल असं नाही. विंडोजच्या साध्या टेक्स्टबॉक्सला ओळ बदलायला दोन चिन्हं लागतात: १३ क्रमांकाचं कॅरेज रिटर्न आणि १० क्रमांकाचं लाइन फीड. टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेली ही जोडी आहे. एक चिन्ह छपाईचं डोकं ओळीच्या सुरुवातीला नेई, दुसरं कागद एक ओळ वर सरकवी. नुसतं दुसरं दिलं तर ओळी एकमेकींना चिकटून येतात. विंडोजच्या नोटपॅडचीही कित्येक वर्षं हीच तऱ्हा होती, तिथं २०१८ मध्ये सुधारणा झाली.

एन्व्हायर्न्मेंट.न्यूलाइन लिहा आणि मोकळे व्हा. रिचटेक्स्टबॉक्सला एकटं लाइन फीड चालतं. म्हणूनच तिथून उचललेलं कोड इथं आणल्यावर बिघडतं.

करा: बटण दाबल्याबरोबर आधीचं उत्तर पुसा

एकोणीसच्या पाढ्याखाली तेवीसचा पाढा चिकटलेला बघून वापरणारा गोंधळतो. क्लिकच्या पहिल्या ओळीत क्लिअर. नोंदवहीसारखी खिडकी असेल तर पुसू नका, पण नव्या कामाआधी वेळ आणि एक रेघ टाका.

टाळा: लाइन्सचा एखादा घटक बदलून ओळ बदलेल ही अपेक्षा

लाइन्स प्रॉपर्टी मागितली की टेक्स्टबॉक्स ओळींची नवी प्रत बनवून हातात ठेवतो. तिच्यातली तिसरी ओळ बदललीत तर प्रतीतली बदलते, पडद्यावरची नाही. आणि लूपच्या आत दर फेरीला लाइन्स मागितलं तर दर फेरीला नवी प्रत बनते. एकदा घ्या, व्हेरिएबलमध्ये ठेवा, बदल करा, मग पूर्ण ॲरे परत द्या.

टाळा: लांबलचक लूप थेट बटणाच्या क्लिकमध्ये चालवणं

इथं थोडं थांबतो, कारण हा धडा मी फार वाईट रीतीने शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या दूध संस्थेसाठी मी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) यांची नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. मी "बिल तयार करा" असं एक बटण दिलं होतं. त्याच्या क्लिकमध्ये एक लूप होता: एकेका उत्पादकाच्या नोंदी वाचायच्या, रक्कम काढायची, डेटाबेसमध्ये साठवायची आणि टेक्स्टबॉक्सला += ने एक ओळ जोडायची. माझ्या घरच्या संगणकावर वीस उत्पादकांचा नमुना होता. बटण दाबलं की क्षणात ओळी यायच्या.

संस्थेत उत्पादक होते चारशेच्या आसपास. दोन वेळा आणि दहा दिवस म्हणजे आठ हजारांच्या घरात नोंदी. सचिवांनी रात्री बटण दाबलं. खिडकी पांढुरकी झाली आणि वरच्या पट्टीत "नॉट रिस्पॉन्डिंग" आलं. ते बिचारे बराच वेळ बसून राहिले. मग सॉफ्टवेअर अडकलं असं समजून टास्क मॅनेजरमधून त्यांनी ते बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा बटण दाबलं. सॉफ्टवेअर अडकलेलं नव्हतं. ते काम करत होतं, फक्त सांगत नव्हतं. पहिल्या वेळी निम्म्या उत्पादकांची बिलं साठवून झाली होती, दुसऱ्या वेळी ती दुबार झाली. सकाळी पैसे घ्यायला माणसं दारात उभी, आणि कोणाच्या नावावर दुप्पट रक्कम. त्या दिवशी मी आणि सचिव हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून एकेक नाव ताडून पाहत होतो. सचिव मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

झालं होतं असं. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीमागे निरोपांची एक रांग असते: माउस हलला, बटण दाबलं, खिडकी पुन्हा रंगव. ते निरोप एकेक उचलून निस्तरणारा एकच थ्रेड असतो. तुमचा क्लिक हाही त्याच्याच हातातला एक निरोप. तो संपेपर्यंत पुढचा उचलला जात नाही. रंगवण्याच्या निरोपाचा क्रम तर रांगेत बराच मागे. पाच सेकंद निरोप उचलले गेले नाहीत की विंडोज त्या खिडकीला अडकलेली ठरवून तिच्यावर पांढुरकं आवरण टाकतं आणि शीर्षकाला ते दोन शब्द जोडतं. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं, आणि बंद करण्याचा त्याचा निर्णय त्या घडीला अगदी शहाणपणाचा असतो.

टाळा: डूइव्हेंट्सचा शॉर्टकट

लूपमध्ये ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स घातलं की खिडकी हलायला लागते आणि हायसं वाटतं. पण ती ओळ रांगेतले सगळेच निरोप मोकळे सोडते. वापरणाऱ्याने बटण पुन्हा दाबलं तर पहिला लूप अर्ध्यावर असताना त्याच्याच पोटात दुसरा सुरू होतो. खिडकी बंद केली तर लूप आता अस्तित्वात नसलेल्या टेक्स्टबॉक्सवर लिहायला जातो आणि प्रोग्राम एरर देऊन पडतो. दूध संस्थेच्या बिलात मी हे घातलं असतं तर दुबार बिलं टास्क मॅनेजरशिवायच झाली असती.

टाळा: आकडे सावकाश दिसावेत म्हणून थ्रेड.स्लीप

एकेका सेकंदाने पाढ्याची एकेक ओळ दाखवायची असा स्वाध्याय मी देतो. बहुतेक जण स्लीपमध्ये १००० घालतात. त्याने लूपबरोबर खिडकीही झोपते. असिंक पद्धत लिहा आणि टास्क.डिले ला अवेट करा, किंवा टायमर ठेवून त्याच्या प्रत्येक टिकला एक ओळ जोडा. दोन्हींत खिडकी जागी राहते.

करा: जड काम मागच्या थ्रेडवर, दाखवणं पुढच्या

२०१२ च्या सी शार्प ५ पासून असिंक-अवेट हाताशी आहे. क्लिकची पद्धत असिंक करा. हिशेबाचा लूप टास्क.रन मध्ये द्या आणि त्याला अवेट करा. मधल्या बातम्यांसाठी प्रोग्रेस नावाचा वर्ग आहे. त्याचा ऑब्जेक्ट क्लिकमध्येच, म्हणजे खिडकीच्या थ्रेडवर बनवा. तो जिथं जन्मतो तो थ्रेड लक्षात ठेवतो आणि बातमी तिथंच पोचवतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये २००५ चा बॅकग्राउंडवर्कर असेल तर तोही हे काम चोख करतो, निव्वळ नवेपणासाठी तो उखडू नका.

आणि तीन गोष्टी विसरू नका. काम सुरू होताच बटण बंद करा आणि फायनली मध्ये ते पुन्हा चालू करा, म्हणजे मध्येच एरर आला तरी बटण मेलेलं राहणार नाही. "थांबवा" असं दुसरं बटण द्या आणि त्याला कॅन्सलेशन टोकन जोडा. किती झाले, किती राहिले हे दाखवा. "४१२ पैकी १८७" एवढं जरी दिसलं असतं तरी सचिवांनी त्या रात्री वाट पाहिली असती.

टाळा: मागच्या थ्रेडवरून टेक्स्टबॉक्सला थेट हात लावणं

टेक्स्टबॉक्स ज्या थ्रेडवर बनला त्याच थ्रेडने त्याला हात लावायचा, हा नियम आहे. व्हिज्युअल स्टुडिओतून चालवताना हा नियम मोडला की "क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड" अशी तक्रार येते. त्यावर चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स करून टाकायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. त्याने दोष जात नाही, फक्त दोष सांगणारा गप्प होतो. मग ग्राहकाकडे कधीतरी, पुन्हा घडवून दाखवता येणार नाही असं काहीतरी बिघडतं. प्रोग्रेस वापरत नसाल तर इन्व्होक किंवा बिगिनइन्व्होक वापरा.

टाळा: प्रत्येक फेरीची बातमी देणं

काम मागे नेलं, तरी दर फेरीला एक ओळ पाठवली तर खिडकीचा थ्रेड त्या ओळी रंगवण्यातच बुडतो. पुन्हा खिडकी अडकते, आणि या वेळी कारण लवकर सापडत नाही, कारण कोड बघायला गेलं तर बरोबर असतं.

माणसाचा डोळा सेकंदाला हजार ओळी वाचत नाही. मागच्या थ्रेडने ओळी कॉनकरंटक्यू मध्ये टाकाव्यात. पुढे १०० मिलिसेकंदांचा टायमर ठेवावा, त्याने साठलेल्या ओळी एकत्र जोडून एका अपेंडटेक्स्टमध्ये द्याव्यात. दिवसभर चालणारी नोंदवही असेल तर शेवटच्या हजार ओळी ठेवा, जुन्या काढत जा.

बारीकसारीक पण महत्त्वाचं: वापरणारा वर सरकून जुनी ओळ वाचत असेल तर अपेंडटेक्स्ट त्याला ओढून खाली आणतं. दर वेळी असं झालं की माणूस चिडतो. "आपोआप खाली सरकवा" असा चेकबॉक्स द्या आणि त्याची खूण काढलेली असेल तोवर ओळी क्यूमध्येच साठू द्या.

करा: साठवणं आणि दाखवणं वेगळं ठेवा

दूध संस्थेचा प्रोग्राम मी नंतर तीन भागांत लिहिला. पहिल्या भागात सगळी बिलं मेमरीत तयार होतात. दुसऱ्यात ती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवली जातात, म्हणजे एकतर सगळी किंवा एकही नाही. तिसरा भाग फक्त दाखवतो. त्या कालावधीची बिलं आधीच असतील तर पहिलाच भाग पुढे जायला नकार देतो. टेक्स्टबॉक्स काढून टाकला तरी बिलं बरोबर निघतात. तुमच्या प्रोग्रामलाही हीच कसोटी लावा.

करा: खऱ्या आकारमानाच्या माहितीवर चालवून बघा

वीसवर चाललं म्हणजे चारशेवर चालतं असं धरू नका. ग्राहकाकडे जेवढी माहिती असेल तेवढी, आणि एकदा तिच्या दसपट, खोटी का होईना, भरा आणि बटण दाबा. ग्राहकाकडचा संगणक आपल्यापेक्षा जुना असतो हेही लक्षात असू द्या.

टाळा: अपूर्णांकाच्या पायरीने डबलचा लूप

दुधाचं दरपत्रक छापायचं म्हटलं की फॅट ३.० पासून ४.० पर्यंत ०.१ च्या पायरीने जायचं असतं. डबलचं व्हेरिएबल घेऊन दर फेरीला ०.१ मिळवत गेलात तर दोन गोष्टी होतात. चौथी ओळ ३.३ ऐवजी ३.३००००००००००००००३ अशी येते. आणि ४.० ची ओळ छापलीच जात नाही, कारण तोवर साठलेली बेरीज ४ पेक्षा केसभर मोठी झालेली असते आणि "४.० पेक्षा लहान किंवा समान" ही अट खोटी ठरते. अकरा ओळींच्या जागी दहाच. डॉटनेट फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्त्यांत शेपटीचे अंक छापताना झाकले जातात, म्हणून पहिली खूण दिसत नाही, पण शेवटची ओळ तिथंही गायबच असते. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून खरं रूप दिसू लागलं, ते बरंच झालं.

लूप पूर्णांकांचा ठेवा, ३० ते ४०, आणि दाखवताना डेसिमलने दहाने भागा. पैशाच्या हिशेबाला डेसिमलच. एका दशांशापर्यंत फॉरमॅट बांधून द्या. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर भारताचं कल्चर नाव घेऊन सांगा, संगणकाच्या सेटिंगवर सोडू नका.

टाळा: मराठी नावांचे रकाने पॅडराइटने जुळवणं

इंग्रजी नावांचा तक्ता कॉन्सोलास फॉन्टमध्ये पॅडराइट लावून सरळ रेषेत उभा राहतो. मराठी नावं घातली की रकाने नागमोडी होतात. कारण साधं आहे. "महाराष्ट्र" या शब्दाची लेंथ सी शार्प दहा सांगतो: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. डोळ्यांना मात्र चारच अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. "श्री" मोजायला चार, दिसायला एक. पॅडराइट मोकळ्या जागा भरणार मोजलेल्या लांबीवर, आणि रकाना उभा राहणार दिसणाऱ्या रुंदीवर. त्यातून देवनागरीची अक्षरं एकसारख्या रुंदीची नसतातच.

यावर टेक्स्टबॉक्समध्ये खरा उपाय नाही. रकाने हवेत तर डेटाग्रिडव्ह्यू किंवा लिस्टव्ह्यू घ्या. ते रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये धरतात, अक्षरांत नाही. फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल ठेवा. टेक्स्टबॉक्सच हवा असा हट्ट असेल तर आकडे आधी, उजवीकडे सरकवून, आणि नाव शेवटी ठेवा. नावामागे काहीच नसेल तर ते किती रुंद झालं याने बिघडत नाही.

याचाच भाऊबंद: नावातलं एकेक अक्षर वेगळ्या ओळीवर छापण्याचा स्वाध्याय. कॅरेक्टरवर लूप फिरवला तर काना-मात्रा आपल्या अक्षरापासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेल्या दिसतात. मराठी मुलांना आपलंच नाव असं तुटलेलं बघून वाईट वाटतं, ते मी पाहिलं आहे. स्ट्रिंगइन्फो वर्गाच्या टेक्स्ट एलिमेंट्सवर लूप फिरवा. काना, मात्रा, वेलांटी आपापल्या अक्षराशी राहतात. जोडाक्षरं तरीही काही आवृत्त्यांत तुटतात, ती तपासून घ्या.

टाळा: प्रत्येक उत्तर टेक्स्टबॉक्समध्येच घालणं

एकेक ओळ निवडायची असेल तर लिस्टबॉक्स. त्यात हजारभर नोंदी भरताना आधी बिगिनअपडेट आणि शेवटी एंडअपडेट, म्हणजे मध्ये लुकलुकत नाही. लाखभर नोंदी असतील तर लिस्टव्ह्यूचा व्हर्च्युअल मोड, जो दिसणाऱ्या ओळींपुरतीच माहिती मागतो. काही ओळी लाल, काही हिरव्या हव्या असतील तर रिचटेक्स्टबॉक्स. वाचायचा आणि कॉपी करायचा सलग मजकूर असेल तिथं साधा टेक्स्टबॉक्स सगळ्यांत उत्तम.

करा: मोठं उत्तर फाइलमध्येही द्या

खिडकी बंद झाली की टेक्स्टबॉक्समधलं सगळं गेलं. ज्याचा हिशेब पुढे कोणी मागणार आहे ते फाइलमध्ये लिहा आणि टेक्स्टबॉक्समध्ये फाइलचा पत्ता दाखवा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडणार असेल आणि तिच्यात मराठी नावं असतील तर एन्कोडिंग म्हणून एन्कोडिंग.यूटीएफ८ स्वतः लिहून द्या. फाइल.राइटऑलटेक्स्ट ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते यूटीएफ-८ मध्येच लिहितं, पण सुरुवातीची ओळखखूण टाकत नाही. ती तीन बाइट्सची खूण नसली की डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलेल्या फाइलमध्ये नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येऊ शकतात. संस्थेच्या सचिवांनी पहिली सीएसव्ही उघडली तेव्हा तसंच झालं होतं. एन्कोडिंग दिल्यावर त्यांनी ती पुन्हा उघडली, बोट ठेवून वरून खाली चारशे नावं वाचली आणि मग प्रिंट काढली.